नागरमोथा लावा, पण कोंडून लावा



दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आपण जे उटणे लावतो, त्याचा वास जरा आठवून पाहा. त्यात आंबेहळद असते, कापूरकाचरी असते, वाळा असतो, संत्र्याची वाळवलेली साल असते. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक मातकट, गोडसर, पहिल्या पावसात भिजलेल्या जमिनीची आठवण करून देणारा वास असतो. तो नागरमोथ्याचा.

आता दुसरे चित्र पाहा. मृग बागेची केळी लावून महिना झाला आहे. ठिबकच्या नळीखालचा ओला पट्टा, वर स्वच्छ ऊन, आणि त्या पट्ट्यात लव्हाळ्याचे हिरवे, तुकतुकीत कोंब दाटीने उभे आहेत. निंदणारी बाई सरीच्या शेवटाला पोचते, पाठ सरळ करून मागे वळते, तर वाटते, आपण निंदलेच नाही! आठवड्याभरात तर खरोखरच पुन्हा तितकेच उगवलेले असते.

मंडळी, ही दोन्ही चित्रे एकाच घराण्याची आहेत. म्हणूनच मागे एका गावी बचत गटाच्या भगिनींनी मला विचारले, “साहेब, आम्ही उटणे करतो. नागरमोथा विकत आणावा लागतो. विहिरीजवळ कायम ओल असते, तिथे लावला तर चालेल का?” तेव्हा मी लगेच होकार दिला नाही. “सांगतो,” म्हणालो. आज सविस्तर सांगतो. उत्तर एका वाक्याचे आहे: लावा, पण कोंडून लावा. असे का म्हणतो, ते पुढे वाचा.

आधी ओळख करून घ्या

दिसायला गवत, पण हे गवत नव्हे. दांडी तोडून दोन बोटांत फिरवून पाहा. गवताची काडी गोल लागते, तिला पेरे असतात. लव्हाळ्याची दांडी तिधारी लागते आणि तिला मधे पेरे नसते. पानेही तीन बाजूंना तीन ओळींत फुटतात. शाळेत जाणाऱ्या मुलांना ही खूण जरूर दाखवा; एकदा बोटांना कळली की जन्मभर विसरत नाही.

शेतात आपण ज्याला लव्हाळा म्हणतो, तोच आयुर्वेदातला मुस्ता किंवा मोथा. शास्त्रीय नाव सायपेरस रोटंडस. नागरमोथा हा त्याचा सख्खा भाऊबंद. पुस्तकांत त्याचे नाव बहुधा सायपेरस स्केरिओसस असे दिलेले असते. तो अंगाने उंच, गाठी मोठ्या, वास अधिक. बाजारात मात्र दोन्ही नावांची सरमिसळ चालते. पुडीवर नागरमोथा लिहिलेले असते आणि आत साधा मोथाही निघतो. घरच्या उटण्याला दोन्ही चालतात.

या घराण्याला दोन गोष्टी हव्यात: पायाखाली ओल आणि डोक्यावर ऊन. भावप्रकाश निघंटूतही पाणथळ प्रदेशात वाढलेला मोथा चांगला आणि त्यातही नागरमोथा श्रेष्ठ, असे सांगितले आहे. कालिदासाच्या शाकुंतलात रानडुकरे डबक्याकाठचा मुस्ता उकरतात असा उल्लेख येतो. म्हणजे हे झाड कुठे राहते आणि त्याचे गिऱ्हाईक कोण, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागातील मंडळींनी ही दुसरी गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. गाठींच्या वासाने रानडुक्कर घराजवळ येऊ शकते.

माझी एक चूक

आता एक गोष्ट सांगतो. सांगताना संकोच वाटतो, पण तुमच्या उपयोगाची आहे.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. गिरणेच्या कालव्याखालचे एक गाव माझ्याकडे होते. तिथे एका आबांचा अर्धा बिघा तुकडा कालव्याच्या पाझराने बारमाही ओला राहायचा. कपाशी पिवळी पडायची, कांदा सडायचा. लव्हाळा मात्र गुडघाभर. मी नुकताच बी. एस्सी. होऊन आलेलो, डोक्यात पुस्तके ताजी. कोण्या व्यापाऱ्याकडून ऐकले होते की नागरमोथ्याला अत्तरवाले आणि औषधवाले चांगला भाव देतात. मी आबांना म्हणालो, “आबा, या जमिनीशी भांडू नका. जे येते तेच पिकवा.” आबांनी विश्वास ठेवला. व्यापाऱ्याने दिलेल्या गाठी त्यांनी ओळीने लावल्या, खत घातले.

पीक जोरात आले. व्यापारी मात्र आला नाही. निरोप धाडले, उत्तर नाही. गाठी जमिनीत तशाच राहिल्या. पुढल्या पावसाळ्यात मोठा पाऊस झाला, चारी फुटली आणि ती माती गाठींसकट खालच्या शेतात गेली. ते शेत आबांच्या चुलतभावाचे. तिथे केळी होती. भावकीत बोलणे बंद झाले ते तीन वर्षे.

आबा मला रागावले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले, “साहेब, तुम्ही पाहुणा आणला होता. तो घरजावई होऊन बसला.”

ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. तेव्हापासून कुणी ओल्या जागेत काय लावू असे विचारले की मी आधी विचारतो, “ते झाड बाहेर पडले तर कुणाच्या शेतात जाईल?”

जमिनीखालची साखळी

लव्हाळा आवरत नाही, याचे कारण वर नसून खाली आहे. एक कोंब उगवला की साधारण तीन आठवड्यांत खाली नवी गाठ धरू लागते. त्या गाठीपासून दोऱ्यासारखी मुळी पुढे जाते, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी. अशी माळ तयार होते. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. गंमत अशी की माळ अखंड असेपर्यंत तिच्यातल्या बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. आपण ओल्या मातीत वखर किंवा रोटाव्हेटर घातला की माळ तुटते आणि सुटलेली प्रत्येक गाठ जागी होते. आपल्याला वाटते तण मारले. प्रत्यक्षात आपण त्याची लावण केलेली असते.

शिवाय कोंबाचे टोक सुईसारखे असते. टरबुजाच्या किंवा मिरचीच्या वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद भोसकून लव्हाळा वर आलेला तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. १९७७ साली जगातल्या वाईट तणांवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याला दिलेला होता. नव्वदांहून अधिक देशांत आणि ५२ पिकांत तो त्रास देतो अशी नोंद त्यात आहे. तेव्हा हा शत्रू आपल्याच गावचा आहे असे समजून कष्टी होऊ नका.

संत तुकोबांनी नम्रतेला लव्हाळ्याची उपमा दिली ती काही उगाच नाही. पुरात वाकतो आणि पूर ओसरला की उभा राहतो. पण साधूला जे भूषण, ते तणाला लागू झाले की शेतकऱ्याच्या घाम काढते.

घराण्यातली गुणी मंडळी

एवढे वाचून सगळे घराणेच वाईट, असे मात्र समजू नका. इजिप्तमध्ये प्राचीन काळी ज्या पपायरसचा कागद करीत, तो याच कुळातला. पश्चिम बंगालमध्ये मेदिनीपूर भागात मादूरकाठी नावाची लव्हाळ्याची जात शेतात लावतात आणि तिच्या काड्यांच्या चटया विणतात. त्या मादूरकाठीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तामिळनाडूत कावेरीकाठी करूर, मुसिरी भागात कोरई नावाची अशीच जात चटयांसाठी पिकवतात. तिथे पाणी मुबलक, जमीन गाळाची, आणि विणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार. म्हणून तिथे ते पीक आहे.

आपल्याकडे जळगावला वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि धुळ्याकडे त्याहून कमी. पाण्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा चांगले पाणी आणून लव्हाळ्याची जात पोसणे आपल्याला परवडणारे नाही. पण जे पाणी तसेही सांडते आहे, जी जागा तशीही ओली राहते आहे, तिचा उपयोग करायला हरकत नाही. पांझरेच्या काठच्या जुन्या फड पद्धतीतही जादा पाणी काढून देण्याची वाट ठेवलेली असे. पाणी द्यायचे कसे याइतकेच ते काढायचे कसे, हे त्या लोकांना कळत होते. आपण पहिले शिकलो आणि दुसरे विसरलो.

जागा कोणती निवडावी

विहिरीवर, हातपंपाजवळ किंवा गुरांच्या पाण्याच्या हौदाशी जिथे स्वच्छ पाणी सांडून ओल राहते, ती जागा घ्या. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन हवे. लिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत लावलात तर नुसती लांबट पाने येतील, गाठी धरणार नाहीत.

न्हाणीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्यावर उटण्याचा नागरमोथा लावू नका. साबण, सोडा आणि घाण शोषलेली गाठ उद्या लेकराच्या अंगाला लावायची आहे, हे लक्षात असू द्या. त्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा करा, काठाला कर्दळ लावा.

शेताच्या बांधाला, चारीच्या काठाला, पाटात, मळ्यात कुठेही लावू नका. हे तर मी हात जोडून सांगतो.

लागवड

पहिली गोष्ट, भांडे. गुरांचा तडकलेला सिमेंटचा हौद, जुनी टाकी, जाड प्लास्टिकचे अर्धे कापलेले पिंप, यांपैकी काहीही चालेल. खोली दीड ते दोन फूट असावी. नुसता खड्डा खणून त्यात प्लास्टिकचा कागद घालू नका. वर सांगितलेच, कोंब तो भोसकून पार जातो. भांड्याचा काठ जमिनीपेक्षा वीतभर वर ठेवा, म्हणजे पावसाच्या लोंढ्यात माती वाहून बाहेर जाणार नाही.

दुसरी गोष्ट, माती. दोन भाग गाळाची माती, एक भाग वाळू आणि एक घमेले चांगले कुजलेले शेणखत. निव्वळ काळ्या मातीत गाठी काढताना हाताची साले निघतात, म्हणून वाळू घालायची.

तिसरी गोष्ट, बेणे. ते विकत आणू नका. दुकानातला वाळका नागरमोथा उगवत नाही, कारण त्याची केसाळ मुळे जाळून काढलेली असतात. आणि कुणी गाठी पाठवतो म्हणत असेल तर त्याबरोबर आणखी कोणते तण येईल याचा भरवसा नाही. आपल्याच शिवारात, नाल्याकाठी जो उंच, मोठ्या गाठींचा मोथा असेल, त्याच्या दहा-बारा गाठी घ्या. गाठ चिरून वास घ्या. वास चांगला असेल तीच ठेवा.

मृगाचा पाऊस पडला की दोन बोटे खोल, वीतभर अंतरावर गाठी लावा. माती कायम ओलसर राहील इतके पाणी द्या, पण वर पाणी तुंबू देऊ नका. नाहीतर नागरमोथ्याच्या आधी डासांचे पीक येईल. तुरे आले की बी धरण्याआधी कापून टाका. भांड्याच्या भोवती हातभर जागा उघडी ठेवा आणि आठवड्यातून एकदा तिथे नजर टाका. बाहेर कोंब दिसला की त्याच दिवशी गाठीसकट उपटा. “उद्या काढू” म्हणालात की उद्या दोन असतील.

काढणी आणि साठवण

थंडीत पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडा. आठ-दहा दिवसांनी भांडे गोणपाटावर उलटे करा. गाठी वेचा, पुढच्या वर्षासाठी दहा-बारा बाजूला ठेवून बाकीच्या स्वच्छ धुवा. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. मग थोड्या काडीकचऱ्याच्या जाळावर चाळणीत हलवून वरचे केस जाळा आणि गोणपाटावर घासा. पुन्हा दोन दिवस ऊन द्या. गाठ मोडताना कडक वाजली पाहिजे. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. थंडीत काढलेल्या गाठी पुढच्या दिवाळीच्या उटण्याला उपयोगी पडतात. दळायच्या आधी मात्र ठेचून घ्या, नाहीतर मिक्सरचे पाते जाईल.

भांड्यातली माती फेकू नका, उकिरड्यावर तर मुळीच टाकू नका. तिच्यात बारीक गाठी राहतातच. तीच माती पुन्हा त्याच भांड्यात भरा.

मोथा पोटाच्या आणि तापाच्या औषधांतही वापरतात. पण ते काम वैद्याचे. घरातल्या दुखण्यावर आपल्या मनाने काढे करून देऊ नका. उटणेही लहान मुलाला प्रथम हाताला थोडे लावून पाहावे.

विकायचे म्हणाल तर

बाजारातला नागरमोथा बहुतांश मध्य भारतातल्या जंगलांतून आणि नाल्याकाठून गोळा करून येतो. गोळा करणाऱ्याला बेणे, पाणी, खत यांचा खर्च नसतो. त्याच्या भावाशी तुमच्या मळ्यातल्या मालाने बरोबरी करणे कठीण. म्हणून एकरावर लावण्याच्या फंदात पडू नका. “लावा, आम्ही सगळा घेऊ” असे कुणी सांगत आला, तर भाव वाळल्या मालाचा की ओल्या, पैसे कधी, आणि माल नाही उचलला तर काय, हे कागदावर लिहून मागा. लिहून देत नसेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आबांच्या वेळी एवढे मला सुचले नाही. बचत गटाच्या उटण्याला पुरेल इतका नागरमोथा दोन-चार हौदांत होतो. तेवढ्यावर समाधान मानावे.

आणि शेतातल्या लव्हाळ्याचे काय?

आबांच्या तुकड्याचे पुढे काय झाले, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आम्ही प्रथम ओल काढली. कालव्याच्या बाजूने उघडी चारी खणून पाझर नाल्याला नेऊन सोडला. मग मार्चअखेर जमीन कोरडी झाल्यावर खोल नांगरली आणि ढेकळे तशीच उन्हात पडू दिली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. एरवी आपण त्याला शिव्या देतो, पण उघडी पडलेली गाठ वाळवून मारायला त्यासारखे औषध नाही. मात्र जमीन कोरडीच हवी. ओलीत नांगरलीत तर उलटे होते. वर आलेल्या गाठी घरच्या सगळ्यांनी वेचल्या आणि जाळल्या.

पावसाळ्यात तिथे ताग दाट पेरला. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. केळीची पाने एकमेकांना भिडली की खालचा लव्हाळा मागे हटतो, हे तुम्ही पाहताच. पहिल्या वर्षी निम्मा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच केले. तिसऱ्या वर्षी तुरळक कोंब राहिले. ते नवी गाठ धरायच्या आत, दर दोन आठवड्यांनी, विळ्याने खणून काढले. खालच्या शेतातही हेच केले. चुलतभावाच्या केळीत निंदायला आबा स्वतः जाऊन बसत. बोलणे पुन्हा सुरू झाले ते तिथेच, सरीत बसून.

नवा लव्हाळा येऊ न देणे हेही तितकेच महत्त्वाचे. केळीचे कंद आणताना त्यांची माती झटकून, धुऊन घ्या. दुसऱ्याचे शेणखत आणताना त्यात गाठी आहेत का ते पाहा. भाड्याचा रोटाव्हेटर शेतात शिरण्यापूर्वी त्याची पाती साफ करून घ्या. तणनाशकाची बाटली आणण्याआधी पीक कोणते आणि औषध कोणते, याचा सल्ला पाल, ममुराबाद किंवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रात घ्या. केळीवर उडालेले चुकीचे औषध लव्हाळ्याआधी केळीला मारते.

जिथे हे झाड निसर्गतःच आहे, म्हणजे नाल्याचा काठ, तळ्याची कड, हतनूरच्या जलाशयाचा ओलसर किनारा, तिथे मात्र त्याला राहू द्या. तिथे त्याची मुळे काठ धरून ठेवतात आणि पाखरांना आसरा होतो. ते त्याचे घर आहे. आपल्या मळ्यात तो परका, त्याच्या घरी आपण परके.

म्हणून विहिरीजवळच्या ओलीबद्दल विचारणाऱ्या भगिनींना माझे उत्तर असे आहे. एक जुना हौद घ्या, उन्हात ठेवा, दहा-बारा गाठी लावा आणि त्याच्या काठाबाहेर कोंब दिसू देऊ नका. पुढच्या दिवाळीला घरच्या नागरमोथ्याचे उटणे लेकरांना लावा. आणि त्या वेळी शेजारच्या मळ्यातल्या माणसालाही एक पुडी द्या. त्याच्या शेतात आपला पाहुणा शिरला नाही, याचा आनंद त्यालाही कळू द्या.